धर्मापुरीला नेलेलं हिरवं इरकल

सोजरचा फोन आला तेव्हा मी टेबलावर शाळेच्या मास्तरांची पँट घेतली होती. सोजर ही माझी धाकटी बहीण, धर्मापुरीला दिलेली. कशी आहेस, काय आहेस, काही नाही. म्हणाली, "आक्का, ये आता. येताना हिरवं लुगडं आण." मी इस्तरी उभी करून ठेवली. पँट तशीच राहिली.

बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. नवरा जिवंत असताना बाई गेली, तर तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवतात. ते हिरवं लागतं आणि कोरं लागतं, म्हणजे पाणी न लागलेलं. भावानं आणायचं असतं. आमचा एकुलता भाऊ दिवाळीनंतर कोयता घेऊन बायकोपोरांसकट उसाला गेलेला. कुठल्या फडावर आहे ते त्यालाही धड सांगता येत नव्हतं. म्हणून मी निघाले. माझ्यासारख्या विधवेनं ते लुगडं न्यावं की नाही, यावर गल्लीत बोलणं झालं. मी म्हटलं, ज्याला जास्त कळतं त्यानं तिकीट काढावं. कुणी काढलं नाही.

आष्टीहून गाडी सकाळची मिळाली. खिडकीजवळ बसले, पण बघण्यासारखं काही नव्हतं. जामखेड मागे पडलं, पाटोदा गेलं, तरी रान एकाच रंगाचं. ज्वारी वितभर येऊन वाळून गेलेली. रस्त्याच्या कडेला जनावरांची छावणी लागली. बाया शेणाच्या पाट्या उचलत होत्या आणि गुरं मान खाली घालून उभी होती. प्रत्येक घरापुढे पाण्याची निळी पिंपं, त्यांना साखळी आणि कुलूप. पूर्वी लोक धान्याला कुलूप लावत.

आमचं घर परटाचं. मी चौथीपर्यंत शिकले, सोजर दुसरीपर्यंत. मला सासर आष्टीत मिळालं, तिथे कोळशाची इस्तरी हातात आली ती आजपर्यंत आहे. सोजरला नोकरदार नवरा मिळाला, एका सहकारी साखर कारखान्याच्या वसाहतीत कपडे धुऊन देणारा. कारखान्याचं नाव लिहीत नाही. ऊस नाही म्हणून तो बंद पडला आणि आता गेटावरची पाटीसुद्धा राहिलेली नाही.

चालू होता तेव्हा सोजर तिथली राणी होती. बॉयलरच्या मागे वाफेचा नळ जात असे. त्याचा एक सांधा कायम फुसफुसायचा. तिने तिथे दोरी बांधली. साहेबांचे कोट, त्यांच्या बायकांची जरीची लुगडी, संचालकांची जाकिटं ती त्या वाफेवर टांगायची आणि हाताने खाली ओढत जायची. वाया जाणारी वाफ, कोळसा नाही, जाळ नाही. कपडा मऊ पडायचा, चकाकी यायची नाही, काठ आखडायचा नाही. मी गेले की मला दाखवायची. मी म्हणायचे, सुरकुती जाते पण कपडा कडक कुठे होतो? वार्षिक सभेला तुझे सगळे संचालक मळीचा वास मारत बसतात.

त्यावर ती म्हणायची, "इस्तरी म्हंजे सासू, आक्का. दाबती, भाजती. वाफ म्हंजे आई."

"आईनं कुणाच्या सुरकुत्या काढल्या?" मी म्हणायचे. हे भांडण आम्ही आयुष्यभर केलं. दुसरं भांडायला आमच्यात काही नव्हतं.

आई गेली तेही असंच कोरडं साल होतं. मामाने लुगडं आणलं, दुकानातून थेट. घाईघाईत तसंच नेसवलं. छातीवर, पोटावर, मांड्यांवर घड्यांच्या उभ्याआडव्या रेघा उमटलेल्या. आई एखाद्या बांधून ठेवलेल्या पार्सलासारखी दिसत होती. सोजर माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सगळ्या गावाच्या घड्या काढल्या हिनं, आन् हिला बघ. मला आसं न्हेऊ नको." तेव्हा ती तरुण होती. मी हो म्हटलं. तेव्हा कुणाला काय वाटतं, हो म्हणायला.

मांजरसुंब्याला गाडी बदलायची होती. घाटावरच्या वाऱ्याने डोळ्यांत धूळ गेली. इथली रबडी नावाजलेली. भाकरी आणि ठेचा बरोबर होता, तरी मी रबडी घेतली. घट्ट होती. शेजारचा म्हातारा म्हणाला की यंदा रबडी चांगली लागते, कारण दुधात घालायला पाणीच नाही. तो हसला नाही, मीही नाही. भाकरी मात्र घशाखाली उतरायला पाणी लागलं, ते विकत घेतलं.

केजला उतरले तेव्हा तहसीलसमोर बायका रिकाम्या घागरी घेऊन बसल्या होत्या. आत कुणी साहेब नव्हता, बाहेरचा शिपाई त्यांना उद्या या म्हणत होता. एकजण घागरीवर बोटाने ठेका धरून बसली होती. मी पेठेत गेले.

दुकानदार कपाळाला विभूतीचे पट्टे ओढलेला, माझ्याहून थोडा लहान. हिरवं इरकल दाखवा म्हटलं. त्याने वरच्या फळीवरून काढलं. दोन वर्षं लग्नं झाली नाहीत धड, माल तसाच पडलेला. लुगडं चांगलं होतं, सुती अंग, रेशमी काठ, पदराला लाल पट्टा. पण घड्या अशा बसलेल्या की उलगडलं तरी पुठ्ठ्यासारखं उभं राहिलं. पदरावरच्या घडीवर धूळ बसून रंग उडाला होता. मी दुसरं मागितलं. दुसरं नव्हतं.

"वटीचं (ओटीचं) हाय का, मावशी?" त्याने विचारलं.

"शेवटचं आहे. बहिणीचं."

त्याने लुगड्यावरचा हात काढला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मग घड्या कावून (का म्हणून) बघता?"

"ती बघती म्हणून," मी म्हटलं. त्याने लुगडं जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलं आणि वर प्लास्टिकची पिशवी घातली. पाणी लागू नये म्हणून, असं न सांगता घातली. माणूस समजदार होता.

केजहून अंबाजोगाईपर्यंत काळीपिवळी जीप. माणसं कोंबलेली. मी पिशवी पायाशी ठेवली. एका गावात एक गडी चढला, त्याने पाण्याचा कॅन थेट माझ्या पिशवीवर ठेवला. मी पाय आपटला. ड्रायव्हर आरशातून बघून म्हणाला, "बे, म्हातारीच्या पिशवीवर कॅन ठिवू नको. सांडंल."

"सांडू देतो का मी? दूध हाय का ते," गडी म्हणाला. "पानी हाय." सगळी जीप हसली. त्याने कॅन उचलून बाळासारखा मांडीवर घेतला. मी लुगडं काढून माझ्या मांडीवर घेतलं. अंबाजोगाईपर्यंत आम्ही दोघं असे समोरासमोर बसून गेलो. उतरताना त्याने विचारलं, आजी, त्यात एवढं काय आहे. मी कपडा आहे म्हटलं.

धर्मापुरीला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. गावात जुनं दगडी देऊळ आहे, बाहेरच्या भिंतीवर बायकांच्या मूर्ती कोरलेल्या. लांबून लोक बघायला येतात म्हणे. मी रस्त्यावरूनच हात जोडले. एवढी वर्षं त्या दगडी बायका उभ्या आहेत, त्यांच्या लुगड्यांना एक सुरकुती नाही. देवळाच्या सावलीत टँकरची वाट बघत घागरींची रांग लावलेली होती. घागरीच रांगेत, माणसं घरी. कुणी कुणाची घागर हलवत नव्हतं.

सोजर पडवीत खाटेवर होती. हातपाय काटकी झालेले आणि पोट नवव्या महिन्यासारखं. पोटात पाणी साठलं होतं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात दोनदा काढलं, परत भरलं. मग डॉक्टर म्हणाले घरी न्या. पाणी तोलून मापून द्यायला सांगितलं होतं, घोट घोट.

मला बघून म्हणाली, "आलीस? बघ, गावात थेंब न्हाई आन् सगळं माझ्या पोटात. टँकर लावा म्हनावं हितंच."

तिचा नवरा, आमचे दाजी, खाटेच्या पायाशी बसले होते. ते उठून आत गेले. हा विनोद ती रोज करत असावी.

मी लुगडं पुढे धरलं. तिने कागद बाजूला केला आणि घडीवरून अंगठा फिरवला. नजर तिची परटिणीचीच. म्हणाली काठ रेशमी आहे, इस्तरीने आखडेल. पदरावरचं जाणार नाही, ते उडालेलं आहे. बाकीचं वाफेनं जाईल. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आक्का, वाफच दे. तुझा विस्तव न्हाई लावायचा. आन् मला बघू दे झाल्यावर."

पाणी कुठलं, असं मी विचारलं. तिने खाटेखालचा तांब्या दाखवला. "माझ्या वाटनीचं. मी तर पीत न्हाई."

मी लुगडं उलगडायला घेतलं तेवढ्यात वच्छलाबाई आल्या. ही तिची थोरली जाऊ. घरातलं जन्म-मरण सगळं त्यांच्या हातून होतं. बाई वाईट नाही, पण नियमाची. त्यांनी माझ्या हातातून लुगडं घेतलं, पुन्हा घडी केली. म्हणाल्या, जितं माणूस घरात असताना हे लुगडं उघडत नसतात. उघडलं की बोलावणं केल्यासारखं होतं. आणि वाफ म्हणजे पाणीच की. वाफ दिली की ते कोरं राहिलं कुठे?

मी म्हटलं, कोरं म्हणजे भिजवलेलं नाही ते. त्या म्हणाल्या, तुमच्याकडे असेल तसं. मी आणखी बोलले असते, मला बोलायला कुणाची भीती नाही. पण दाजी आतून आले. मोठा धिप्पाड माणूस, कारखान्यात पोती उचलावीत तशी कपड्यांची गाठोडी उचलायचा. ते माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"आक्का, आजून जिती हाय ती," ते म्हणाले. "तिच्या डोळ्यादेखत नगा तयार करू."

सोजर खाटेवरून बोलली, "माझंच हाय ते. मीच सांगते."

"तू गप," दाजी म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिला गप म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. ती भिंतीकडे वळली.

मी हरले. लुगडं माळ्यावरच्या पेटीत गेलं. चूक कुणाची असं मी म्हणणार नाही. त्या माणसाला वाटत होतं की जोवर लुगड्याची घडी मोडत नाही तोवर ती जात नाही. असं सगळ्यांनाच कशाचं तरी वाटत असतं.

पुढचे काही दिवस मी तिथे राहिले. सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, दुपारी भाकरी. टँकर आला की सगळी गल्ली धावायची, वच्छलाबाई सगळ्यात पुढे. टँकरवाला पाइप खाली टाकायचा आणि स्वतः लांब जाऊन उभा राहायचा, कारण एकदा त्याचा सदरा फाटला होता. मी म्हातारी असूनही घागर आणली, कारण पाहुणीनेही पाणी पिऊन नुसतं बसणं बरं नव्हे.

सोजर कमी बोलायला लागली. एकदा मला जवळ बोलावून विचारलं, बंद पडल्यावर बॉयलर विकला का गं? मी म्हटलं मला काय ठाऊक, तुझा कारखाना. ती म्हणाली, तो सांधा कुणी शेवटपर्यंत दुरुस्त केला नाही. बरं झालं. नंतर पुष्कळ वेळाने म्हणाली, "तू करशील. इस्तरीनं करशील, मला म्हाईत हाय. हाताला सवं (सवय) तुझ्या."

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते ठाऊक नव्हतं.

ती एका दुपारी गेली, माडग्याची वाटी तशीच ठेवून. दाजींना आधी कळलंच नाही, ते तिच्या पायावरच्या माशा वारत होते.

वच्छलाबाईंनी सगळं हातात घेतलं. दाजींचे भाचे अंबाजोगाईला सामान आणायला गेले. अंगणात तीन दगडांची चूल मांडली, गेलेल्या माणसाच्या अंघोळीचं पाणी घरातल्या चुलीवर तापवत नाहीत. टँकर आदल्या दिवशी येऊन गेलेला. घरात एक हंडा भरलेला होता, तोच चुलीवर चढला. शेजारणीने आपल्यातला तांब्याभर आणून त्यात ओतला. तिच्याकडेही फार नसणार.

पेटी उघडली, लुगडं माझ्या हातात आलं. मी ते पडवीत पसरलं. चार बोटांवर चार बोटं अशा घड्या, आईच्या वेळी होत्या तशाच.

दाजी आत गेले आणि सोजरची जुनी लोखंडी इस्तरी घेऊन आले. तिचं झाकण उघडून त्यांनी चुलीतले निखारे चिमट्याने आत भरायला घेतले. एक निखारा खाली पडला. म्हणाले, "आक्का, तुमी करा. तुमास्नी येती. मी त्या दिवशी उगी आडवा आलो."

इस्तरी मी हातात घेतली. वजनाला माझ्या इस्तरीपेक्षा चांगली होती. घोंगडी होती, जमीन होती, मला किती वेळ लागला असता? चहा होईपर्यंत झालं असतं. काठ थोडा आखडला असता. कुणाला दिसलं असतं? त्या गर्दीत दिसणारी एकच होती आणि तिचे डोळे वच्छलाबाईंनी मिटले होते.

हंड्याचं पाणी उकळायला लागलं होतं. वाफ वर जाऊन उन्हात नाहीशी होत होती. नुसती वाया चालली होती.

मी इस्तरी खाली ठेवली आणि लुगडं घेऊन अंगणात गेले. वच्छलाबाई वाटेत आल्या. पाणी लागेल म्हणाल्या. मी लुगड्याचं एक टोक हंड्यावर धरलं, हात दोनदा वरून खाली ओढला आणि टोक त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "बघा. वलं (ओलं) लागतंय का?"

त्यांनी बोटांनी चाचपलं. बराच वेळ चाचपलं. मागून दाजी म्हणाले, "करू द्या, वहिनी."

वच्छलाबाईंनी ते टोक सोडलं नाही. पदर खोचला आणि त्या चुलीच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. नऊ वार लुगडं दोघींना आवरत नव्हतं. शेजारीण आली, आणखी दोघी आल्या. जमिनीला लागू न देता आम्ही ते वाफेवरून हळूहळू सरकवत नेलं, पलीकडे त्या घेत गेल्या. मी मध्ये, हंड्यापाशी. घडी आली की थांबायचं, वाफ आत मुरू द्यायची, मग ताणायचं. कडेला पुरुष लाकडांचं काय ते बोलत बसले होते, ते मान वळवून बघायला लागले. मनगट भाजलं ते मला नंतर कळलं.

घड्या गेल्या. पदरावरची रेघ राहिली, ती घडी नव्हती, उडालेला रंग होता, तो वाफेनंही जात नाही आणि इस्तरीनंही जात नाही. सोजरने आधीच सांगितलं होतं. मग हंडा उतरवला आणि त्याच पाण्याने तिला अंघोळ घातली. लुगडं नेसवलं. फुगलेल्या पोटावर ते मऊ बसलं, एक रेघ नाही. पदर वच्छलाबाईंनी असा घेतला की ती फिकी पट्टी खाली गेली. मला बघू दे झाल्यावर, असं ती म्हणाली होती. ते झालं नाही.

पुढे सांगण्यासारखं काही नाही. तासाभरात लाकडांखाली लुगडं काय आणि घड्या काय.

दहावा करून मी निघाले. दाजी स्टँडपर्यंत आले. सोजरची इस्तरी मला देत होते, मी घेतली नाही. जीपमध्ये वजन कोण सांभाळणार? केजला घागरी घेतलेल्या बायका अजून तहसीलसमोर होत्या, की दुसऱ्या होत्या ते सांगता येत नाही. कापडाच्या दुकानावरून गेले, पण थांबले नाही. मांजरसुंब्याला रबडी खाल्ली नाही.

गाडीत विचार करायला वेळ मिळतो, त्याचा उपयोग नसतो. मला एवढंच वाटलं की वाफेची गोष्ट तिची खरी होती आणि ते तिला कधी म्हणायचं राहिलं. म्हटलं असतं तर ती काही मोठी झाली नसती. आम्हाला भांडायला मात्र दुसरं काही शोधावं लागलं असतं.

घरी मास्तरांची पँट टेबलावर तशीच होती. मी कोळसे पेटवले, पण इस्तरीची मूठ धरली की मनगटाची कातडी ओढायची. शेजारची लक्ष्मी पिंप घेऊन चालली होती, ती दारात थांबली. हाताला काय झालं म्हणाली. इस्तरीनं भाजलं का?

"वाफेनं," मी म्हटलं.

तिने पिंप खाली ठेवलं. मग तिने विचारलं ते आमच्याकडे त्या साली कुणीही विचारलं असतं.

"वाफेला पानी कुठनं आनलं, आक्का?"

"सोजरच्या वाटणीचं होतं," मी म्हटलं. "तिला पुरलं."